मागचा दिवा

जामबाग, हैदराबाद

चि. निखिल,

तुझ्या माशांच्या टाकीचा फोटो पाहिला. दोन फुटी टाकी भिंतीला लागून, मागे जेमतेम दोन बोटं जागा आणि तिथूनच तुला उजेड हवा. जामबागेतल्या आपल्या घरात माझीही टाकी अशीच कोपऱ्यात बसवलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी पहिल्यांदा एलईडीची पट्टी सरळ मागच्या काचेवर चिकटवली. काचेवर उजेडाचे ठिपके दिसत होते, ते चाललं असतं. पण आठवडाभरात एंजल मासा तिरका पोहताना दिसला, पाठ काचेकडे कललेली. तो आजारी नव्हता. मासा उजेडाकडे पाठ ठेवून तोल सांभाळतो. एरिख फॉन होल्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ सालीच हे दाखवून दिलं होतं. म्हणून वरचा दिवा मुख्य, मागचा कायम मंद, एवढं आधी मनाशी पक्कं कर.

आता जागेचं. मागच्या काचेला बाहेरून, कोरडी पुसून, दुधी फिल्म लाव. भिंतीच्या बाजूला पांढरा सनबोर्ड उभा कर. पट्टीचं तोंड काचेकडे नको. बोर्डाच्या वरच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीत ती बसव आणि तोंड खाली कर. उजेड आधी पांढऱ्या बोर्डावर पसरेल, मग दुधी फिल्ममधून गाळला जाऊन आत येईल. ठिपके दिसणार नाहीत, आणि नदीत असतो तसा वर उजळ, खाली गडद असा पडदा तयार होईल. बोर्ड चिकटवू नकोस, बाजूने सरकवून काढता येईल असा ठेव. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत पन्नास लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन पन्नास किलोच्या वर. भरलेली टाकी कधीही सरकवायची नाही.

पट्टी १२ व्होल्टची, सिलिकॉनचं आवरण असलेली घे. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर ने, म्हणजे ओघळलेला थेंब झोलातच गळून पडेल. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचाच.

उजेड कमी वाटला तर पट्टी वाढवू नकोस, खोलीतली ट्यूब बंद कर. मुंबईच्या १९५१ सालच्या तारापोरवाला मत्स्यालयात बघणारे अंधारात उभे असायचे, उजेड टाक्यांत असायचा. वरचा दिवा टायमरवर सात-आठ तास, मागचा संध्याकाळी दोन तास पुरे. जास्त झाला की मागच्या काचेवर शेवाळ धरतं. रात्री दोन्ही बंद. माशाला पापण्या नसतात रे, डोळे मिटून घेण्याची सोय त्याला नाही.

पहिल्या संध्याकाळी दिवा लावलास की फोटो नंतर काढ. आधी टाकीसमोर बस आणि मासे सरळ पोहतायत ना, तेवढं बघ. मग मला कळव.

तुझा,
नानाकाका