साचा सर्वांचा, नाव कुणाचे?

‘रहस्यकथा वाचतोस? मग अभ्यास केव्हा करतोस?’ हा प्रश्न मला घरी ऐकावा लागतो आणि ग्रंथालयातही. यावर माझे उत्तर असे की, आयुष्यात वाट्याला आलेला एकुलता एक गुन्हा मी रहस्यकथांच्या शिकवणीवरच उघडकीस आणला. पण तो सांगण्याआधी साच्याविषयी थोडे बोलले पाहिजे.

‘साचेबंद’ हे विशेषण टीकाकार रहस्यकथेला दूषण म्हणून लावतात. बुद्धिमान हेर, त्याच्यामागे फिरणारा साधाभोळा सोबती, बुचकळ्यात पडलेले पोलीस आणि अखेरच्या प्रकरणात उलगडा. एडगर ॲलन पोने १८४१ साली हा साचा घडवला. १८८७ मध्ये कॉनन डॉयलने त्यातून होम्स आणि वॉटसन काढले. पुढे बंगालीत शरदिंदु बंदोपाध्यायांचे ब्योमकेश-अजित आले, मराठीत बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय-छोटू आले. सत्यजित राय यांनी तर फेलूदाला मूर्तिचोरांच्या मागावर थेट आपल्या वेरूळला आणले. आपण मात्र कैलास लेण्यापुढे फोटो काढतो आणि डबा खाऊन परततो! यांपैकी कुणाला पोच्या वारसांची परवानगी काढावी लागली नाही. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, ती ज्या शब्दांत मांडली त्या शब्दांवर असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही आर. जी. आनंद खटल्यात १९७८ साली हेच तत्त्व सांगितले.

आता माझा साचा. मी वेबसाइटची टेम्प्लेट्स बनवून फुकट वाटतो. वरची पट्टी, बाजूची यादी, मजकुराची जागा, हे सारे तयार असते. घेणाऱ्याने फक्त आपले नाव आणि छायाचित्रे भरायची. मी स्वतः हे कुठल्या वर्गात शिकलो नाही. दुसऱ्यांनी मोकळी ठेवलेली पाने उघडून, मोडून शिकलो, म्हणून फुकट. अट एकच, तळाशी माझ्या नावाची ओळ राहू द्यावी.

मागच्या वर्षी शहरातल्या एका क्लासची वेबसाइट पाहताना पट्टी ओळखीची वाटली. तळाशी नाव भलत्याचेच. रंग बदललेला, अक्षरे बदललेली. पण संशय हा पुरावा नव्हे, हे होम्सने शिकवले आहे. पानाचा मूळ कोड उघडला आणि चाळीसेक ओळींखाली, पाहणाऱ्याला कधीही न दिसणारी माझी टीप सापडली : ‘इथे पट्टी संपली, आई जेवायला बोलावते आहे.’ गुन्हेगार नेमके हेच पुसायला विसरला होता. मी पत्र लिहिले. उत्तर आले, ‘फुकटच तर होते!’

त्या उत्तराचा राग मला आठवडाभर पुरला. आणि त्याच आठवड्यात आजोबांची ट्रंक उघडली.

आजोबा तरुणपणी गुलमंडीकडच्या एका वाचनालयातून रोज एक रहस्यकथा भाड्याने आणत. ते वाचनालय बंद झाले तेव्हा उरलेली पुस्तके त्यांनी रद्दीच्या भावाने उचलली. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांतली काही या ट्रंकेत आहेत. कागद इतका कुरकुरीत झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. मी लगेच ठरवले, सगळी स्कॅन करायची आणि सर्वांसाठी फुकट ठेवायची.

आजोबा म्हणाले, ‘तुझी आहेत का ती?’

पुस्तके आमची होती, शब्द नव्हते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतो. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०५७ पर्यंत थांबायचे. कागद तितके दिवस टिकेल असे मला वाटत नाही. कायदा कागदाच्या वयाचा विचार करत नाही, ही माझी तक्रार मी मागे घेणार नाही. पण न विचारता ‘फुकट’ म्हणणारा क्लासवाला आणि मी, यांत मला फरक सापडेना.

तूर्त मी माझ्याच एका साच्यावर नुसती सूची मांडतो आहे : पुस्तकाचे नाव, नायक, प्रकाशक, वर्ष, किती पाने शाबूत. वारसांना पत्र लिहायचे आहे; पत्ता शोधतो आहे. एक पुस्तक मात्र सूचीत बसत नाही. त्याचे मुखपृष्ठ गेले आहे आणि शेवटची सोळा पानेही. खुनी कोण ते आजोबांना आठवत नाही. तुमच्या घरी अशी ट्रंक असेल तर कळवा, मी पुस्तक घेऊन येतो. पाने जुळवून पाहू.