आवारामागची वस्ती

अमेरिकेतील शिकागो शहराच्या दक्षिण भागात १८६५ साली गुरांचे एक विस्तीर्ण आवार उघडण्यात आले. आगगाड्या भरभरून गाईबैल, डुकरे व मेंढ्या तेथे येत आणि लगतच्या कारखान्यांतून त्यांचे मांस देशभर जाई. या आवाराच्या पाठीमागे कामगारांची जी वस्ती वसली, तिला लोक ‘बॅक ऑफ द यार्ड्‌स’, म्हणजे आवारामागची वस्ती, असेच म्हणू लागले. वस्तीजवळून नदीचा एक फाटा जात असे. कारखान्यांची घाण त्यात पडून कुजे व वायूचे बुडबुडे सतत वर येत. त्यामुळे त्याचे नावच ‘बुडबुड्यांचा ओढा’ असे पडले. अशा ठिकाणी हौसेने कोण राहील? परंतु पोटापुढे नाकाचे काही चालत नाही.

येथे प्रथम आयरिश व जर्मन लोक आले; मागाहून पोलिश, लिथुएनियन, स्लोव्हाक, झेक आणि पुढे मेक्सिकनही आले. त्यांतील बहुतेक जण एकाच कॅथलिक पंथाचे. तरीही पोलिशांचे चर्च निराळे, लिथुएनियनांचे निराळे. शाळा निराळ्या आणि मंडळेही निराळी. एका चर्चचे धर्मगुरू दुसऱ्या चर्चच्या धर्मगुरूंकडे सहसा जात नसत. कारखानदारांना ही फाटाफूट सोयीचीच होती. १९०४ साली कामगारांनी संप केला, तो फसला. १९२१ सालच्या अखेरीस पुन्हा केला, तोही फसला.

१९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली आणि घरोघरी चुली थंडावल्या. त्या काळात वस्तीतील डेव्हिस स्क्वेअर नावाच्या बागेचे व्यवस्थापक जोसेफ मीगन हे होते. मीगन आयरिश वंशाचे. बागेत खेळावयास येणाऱ्या मुलांची परवड ते रोज पाहत असत. तेथेच त्यांची गाठ सॉल अलिन्स्की या तरुण संशोधकाशी पडली. मुले चोऱ्यामाऱ्यांकडे का वळतात, याचा अभ्यास करण्यासाठी अलिन्स्की आले होते. मुलांच्या स्वभावात खोट नाही, बेकारी व दारिद्र्य हेच मूळ आहे, असे त्यांचे मत झाले. हे अलिन्स्की ज्यू होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण ज्या वस्तीत कॅथलिकांचेच कॅथलिकांशी पटत नव्हते, तेथे हा परधर्मीय मनुष्य सर्वांना एकत्र आणू पाहत होता.

त्या दोघांनी एक निराळीच वाट धरली. ‘बंधूंनो, एकमेकांवर प्रेम करा’ असा उपदेश त्यांनी केला नाही. तो दर रविवारी सगळ्याच चर्चमधून होत होता! त्यांनी प्रत्येकाला त्याची स्वतःची अडचण विचारली. कामगारच बेकार असेल, तर चर्चच्या दानपेटीत काय पडणार? वाण्याची उधारी कशी फिटणार? आणि वस्ती पाठीशी नसेल, तर कामगार संघटनेचा संप किती दिवस टिकणार? ज्याची त्याची अडचण निराळी, पण सर्वांचे मूळ एकच होते. ते उमगल्यावर लोक एकमेकांच्या शेजारी बसावयास तयार झाले.

१४ जुलै १९३९ रोजी त्याच बागेत वस्तीच्या परिषदेची पहिली सभा भरली. परिषदेचे सभासद म्हणजे सुट्या व्यक्ती नव्हेत, तर संस्था: चर्चे, कामगार संघटना, व्यापाऱ्यांची व तरुणांची मंडळे. माझ्या मते खरी युक्ती हीच होती. कोणालाही आपले जुने घरटे सोडावे लागले नाही. परिषदेने कामगारांच्या मागण्यांना पाठिंबा दिला. दोनच दिवसांनी झालेल्या जाहीर सभेत बिशप बर्नार्ड शील हे कामगार पुढारी जॉन लुईस यांच्यासह एकाच व्यासपीठावर आले. कित्येक धर्मगुरूंना तोवर कामगार चळवळीची धास्ती वाटत असे. त्यामुळे या दृश्याचा मोठा परिणाम झाला. आर्मर नावाच्या बलाढ्य कंपनीला नमते घ्यावे लागले व संप टळला. पुढे परिषदेने तान्ह्या मुलांसाठी दवाखाना आणि शाळकरी मुलांसाठी गरम जेवण यांची सोय केली. शाळेतील जेवणाला सरकारी मदत मिळावी म्हणून तिने वॉशिंग्टनपर्यंत खटपट केली. १९४६ साली तसा राष्ट्रीय कायदा झाला, त्याला अशा अनेकांच्या खटपटींचा हातभार होता.

येथवरची हकीकत उत्साह वाढविणारी आहे. परंतु पुढचा भागही सांगितलाच पाहिजे. कारखान्यांत कृष्णवर्णीय कामगार पुष्कळ होते व संघटनेत ते गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले होते. ते राहत मात्र दुसऱ्या भागात. १९५० नंतरच्या काळात परिषदेने वस्तीतील जुनी घरे दुरुस्त करविली, मालकांना कर्जे मिळवून दिली. काम उत्तम होते. पण कृष्णवर्णीयांना वस्तीत घर मिळू नये, हाही त्यामागे हेतू होता. पोलिश आणि लिथुएनियन आता एकमेकांचे शेजारी झाले होते. दार लावले ते तिसऱ्यासाठी.

आपण उभारलेल्या परिषदेचे हे रूप पाहून अलिन्स्की व्यथित झाले. त्यांनी तिच्यावर उघड टीका केली. १९६० च्या सुमारास ते त्याच शहरातील वुडलॉन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत कामाला लागले, आणि तेथेही त्यांनी आरंभ केला तो चर्चे, मंडळे व दुकानदार यांना एकत्र बसविण्यापासूनच.