संत्र्याची कलमे घेताना आधी खुंट विचारा

पावसाळा तोंडावर आला की वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या पट्ट्यात संत्र्याच्या कलमांची खरेदी सुरू होते. भावावरून घासाघीस होते, कलमाची उंची बघितली जाते, पानांची टवटवी बघितली जाते. खुंट कोणता, हे फार थोडे जण विचारतात, आणि विचारले तरी उत्तर बहुधा तोंडीच मिळते. पण झाडाचा जमिनीखालचा सगळा संसार खुंटाचा असतो. पाणी तोच शोधतो, चुनखडीशी तोच झुंजतो आणि मूळकुजीचा पहिला घावही त्याच्यावरच बसतो. तो चुकला हे कळेपर्यंत पाच-सहा वर्षे निघून जातात. तोवर खड्डे, खत, ठिबक, राखण यांवरचा खर्च होऊन बसलेला असतो.

विदर्भात नागपुरी संत्र्यासाठी दोनच खुंट खऱ्या अर्थाने बाजारात आहेत, जंबेरी आणि रंगपूर लाईम. जंबेरीचा जोर मोठा. रोप लवकर वाढते, डोळा बांधण्याजोगे लवकर होते, म्हणून रोपवाटिकावाल्यांना ती सोयीची. झाडही मोठे होते, फळ भरपूर धरते आणि हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत मुळे खोल जातात. तिची दुखरी बाजू म्हणजे फायटोफ्थोरा बुरशी, म्हणजे आपला डिंक्या आणि मूळकूज. भारी काळ्या जमिनीत, जिथे पावसाचे पाणी मुळांशी रेंगाळते, तिथे जंबेरीवरची झाडे आधी पिवळी पडतात, मग शेंड्याकडून वाळत येतात. शिवाय जंबेरीवरच्या फळात साखर आणि आम्लता दोन्ही थोडी उतरलेली असते.

रंगपूर लाईम सुरुवातीला जंबेरीएवढा धावत नाही. पण चुनखडी, क्षार आणि पाण्याचा ताण तो जास्त सोसतो. मूळकुजीसमोरही तो जंबेरीपेक्षा बरा टिकतो. अभेद्य मात्र तोही नाही. त्याच्यावर एक्सोकॉर्टिस नावाचा, सालीला भेगा पाडणारा रोग येतो. तो रोगट मातृवृक्षाच्या डोळ्यातून आणि निर्जंतुक न केलेल्या चाकूतून पसरतो. म्हणजे खुंट चांगला घेऊन डोळा रोगट असेल, तर पैसे तिथेच बुडाले.

परदेशातल्या खुंटांची नावेही अधूनमधून कानावर येतात. ट्रायफोलिएट, म्हणजे तीन पानी संत्रा, आणि त्याचे काही संकर मूळकुजीला चांगले तोंड देतात, पण चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडतात. आपल्या काळ्या जमिनीत चुना असतोच, म्हणून कोणी नवलाईच्या भावात असे कलम देऊ करत असेल, तर आधी मातीचा अहवाल पुढे ठेवा. अलिमो हा आणखी एक खुंट मूळकुजीला दाद देत नाही, पण त्याच्यावर बांधलेल्या संत्र्याला ट्रिस्टेझा विषाणूचा धोका राहतो.

सगळी बाग एकाच खुंटावर उभी करणेही धोक्याचे. ब्राझीलमध्ये १९३० आणि ४० च्या दशकांत आंबट संत्र्याच्या खुंटावरची लाखो झाडे ट्रिस्टेझाने गेली. तिथले बागायतदार मोठ्या प्रमाणावर रंगपूरवर आले, आणि २००० च्या आसपास नेमक्या रंगपूरवरच्या झाडांना अचानक मरण्याचा नवा रोग लागला. अमेरिकेत फ्लोरिडातल्या जंबेरीवरच्या बागा ब्लाइट रोगाने खचल्या. म्हणून ज्याची पाच एकर लागवड आहे त्याने एखादा एकर, जमीन मानवत असेल तर, दुसऱ्या खुंटावर ठेवावा.

निवड मातीवरून करायची, म्हणून पहिला खर्च माती परीक्षणाचा. तो काही शे रुपयांत होतो, आणि संपूर्ण लागवडीतला सर्वांत स्वस्त खर्च हाच. नमुना फक्त वरच्या वीतभर मातीचा देऊ नका. तीन फूट खड्डा घेऊन वरचा, मधला आणि खालचा थर वेगळा द्या, कारण चुनखडीचा थर बहुधा खाली दडलेला असतो. अहवालात सामू, विद्युत वाहकता आणि मुक्त चुना हे तीन आकडे बघा. मुक्त चुना १० टक्क्यांवर असेल, तर खुंट बदलून प्रश्न सुटत नाही. तिथे संत्राच लावावा का, याचा फेरविचार करा. त्याच खड्ड्यात पावसाळ्यात पाणी किती वेळ उभे राहते तेही बघा. दोन दिवस हटत नसेल तर चर काढण्याचा खर्च आधी धरा. माझे मत स्पष्ट आहे: निचरा उत्तम आणि माती हलकी ते मध्यम असेल तर जंबेरी चालेल. मध्यम ते भारी काळी, थोडी चुनखडीची किंवा पूर्वी संत्रा-मोसंबी असलेली जमीन असेल तर रंगपूरच घ्या.

आता रुपयांचे बघू. ६ बाय ६ मीटर अंतरावर एकरी ११२ झाडे बसतात, ६ बाय ३ मीटरवर २२५. कलमांचे भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून पुढचे दर फक्त हिशेबाची रीत दाखवायला धरले आहेत. तुमच्या गावचे दर तिथे घाला. समजा जमिनीतल्या वाफ्यातून उपटलेले साधे कलम ४० रुपयांना आणि पिशवीतले, निर्जंतुक मातीत वाढवलेले रंगपूरवरचे कलम ७० रुपयांना आहे. एकरी फरक ३,३६० रुपयांचा. पिशवीची माती जड, गाडीत कलमे कमी मावतात, म्हणून वाहतूक धरून हा फरक ५,००० समजू.

दुसरीकडे, पूर्ण वाढलेल्या झाडाला ५०० फळे आणि हजारी भाव २,००० रुपये धरला, तर एका झाडाचा एक बहार १,००० रुपयांचा होतो. सहाव्या वर्षापर्यंत एकरातली १२ झाडे गेली, तर दर बहाराला १२,००० रुपयांची तूट. पुढच्या दहा बहारांत १ लाख २० हजार. यात त्या झाडांवर आधी झालेला खर्च धरलेलाच नाही. सगळी मर खुंटामुळेच होते असे नाही; मोकाट पाणी, खोल लावलेली कलमे, दुर्लक्षित खोड हीही कारणे असतात. पण जास्तीचे ५,००० खर्चून एकच झाड वाचले आणि त्याने पाच बहार दिले, तरी ते फिटतात. ही तुलना करूनही कोणी ४० रुपयांचे कलम उचलत असेल, तर त्याने रोख बचत बघितली आणि बाग बघितली नाही.

पिशवी आणि वाफा हा फरक खुंटाएवढाच मोठा आहे. शेंदुरजना घाटासारख्या जुन्या रोपवाटिकांच्या भागात वर्षानुवर्षे त्याच वाफ्यांत रोपे होत आली. अशा मातीत बुरशी ठाण मांडून बसते आणि मुळाला चिकटून तुमच्या शेतात येते. तिथून तिला हाकलणे जवळपास अशक्य. म्हणून घेण्यापूर्वी दोन-तीन कलमे पिशवीतून काढून मुळे बघा. पांढरी, तंतूंची दाट मुळे हवीत. तपकिरी, चिमटीत साल निघून येणारी मुळे दिसली तर तो सगळा लॉट सोडा. डोळ्याचा जोड मातीपासून किमान ९ इंच वर हवा. खूप खुरटी किंवा एकाएकी फार उंच गेलेली कलमे टाळा, कारण ती बियांच्या मूळ जातीची नसण्याची शक्यता असते.

खुंट ओळखायचा कसा? कलमाकडे बघून नेमके सांगता येत नाही. म्हणून रोपवाटिकेतली बियांसाठी ठेवलेली झाडे दाखवायला सांगा. जंबेरीचे फळ पिवळे, खडबडीत, गाठाळ सालीचे. रंगपूरचे पिकल्यावर नारिंगी, संत्र्यासारखे सुटत्या सालीचे, पण चवीला आंबट. झाडच दाखवत नसतील तर दुसरी रोपवाटिका बघा. फळरोपवाटिकांसाठी राज्यात १९६९ पासून कायदा आहे आणि परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक आणि खुंटाचे नाव पावतीवर लिहून घ्या. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान ५०, ३० आणि २० टक्के अशा तीन वर्षांच्या हप्त्यांत येते, आणि पुढचे हप्ते झाडे जगण्यावर ठरतात. त्यामुळे मरतुकडे स्वस्त कलम इथेही महागात पडते.

लावताना डोळ्याचा जोड मातीत गाडू नका. तो गाडला गेला की बुरशीला थेट खोडाची वाट मिळते आणि खुंटाचा सगळा गुण वाया जातो. पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळे करा किंवा ठिबकच्या नळ्या खोडापासून दूर ठेवा. पावसाळ्याआधी आणि नंतर असा वर्षातून दोनदा खोडाला बोर्डो मलम लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. जोडाखालून फुटणारे पाणसोट दिसताच काढा.

शेवटची गोष्ट वेळेची. बी पेरल्यापासून कलम हाती येईपर्यंत दीड-दोन वर्षे लागतात, म्हणजे खुंटाचा निर्णय तुम्ही गाडी घेऊन पोचण्याच्या खूप आधी झालेला असतो. जूनमध्ये गेलात तर उरलेले उचलावे लागते. माती परीक्षण हिवाळ्यातच करून घ्या आणि अहवाल येताच पुढच्या पावसाळ्याची मागणी खुंटाचे नाव लिहून नोंदवा. हवा तो खुंट वेळेत मिळत नसेल, तर लागवड एक वर्ष पुढे ढकला.