संतमस : न दिसणाऱ्या ग्रहाची ओळख

दूरच्या एका ग्रहाचे नाव पुण्याच्या तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने सुचविले आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने शताब्दीनिमित्त २०१९ साली प्रत्येक देशाला एक तारा व त्याचा ग्रह नाव देण्यासाठी दिला. भारताच्या वाट्याला आलेल्या एच.डी. ८६०८१ या ताऱ्याचे नाव ‘बिभा’ ठेवले गेले. विश्वकिरणांच्या अभ्यासक बिभा चौधुरी या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पहिल्या स्त्री-संशोधक होत. ग्रहाचे नाव ठरले ‘संतमस’, म्हणजे दाट झाकोळ.

बिभा सुमारे ३४० प्रकाशवर्षे दूर आहे. आज पोहोचणारा तिचा प्रकाश निघाला, तो संभाजी महाराजांच्या काळात! तिच्याजवळचा संतमस तर दुर्बिणीतूनही वेगळा दिसत नाही. मग तो आहे हे कळले कसे?

धिप्पाड मावशी आणि लहान भाची फुगडी घालीत आहेत असे समजा. भाची मोठ्या वर्तुळात फिरते. पण मावशीही जागच्या जागी राहत नाही, तीही लहानसे वर्तुळ घेते. अंधारात भाची दिसली नाही, तरी मावशीच्या डोलण्यावरून ती ओळखता येईल. ग्रह आणि तारा यांचे असेच असते.

हे डोलणे मोजायचे कसे? जोगेश्वरीच्या फलाटावर उभे राहा. तेथे न थांबणारी जलद लोकल भोंगा वाजवीत येते तेव्हा सूर चढा ऐकू येतो. ती दूर जाऊ लागताच तो उतरतो. हा डॉप्लर परिणाम. प्रकाशालाही तो लागू आहे. तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातील रेषा जांभळ्या टोकाकडे सरकतात, दूर जाताना तांबड्या टोकाकडे. बिभाच्या बाबतीत हा वेग सेकंदाला सुमारे २०८ मीटर भरला. म्हणजे तरंगलांबीतील फरक एक कोटीत केवळ सात भाग! ही सरकासरक दर २.१४ दिवसांनी पुन्हा होते. २००६ साली ग्रहाचा शोध जाहीर झाला, तो या मोजणीवरून.

आता हिशेब करू. बिभाचे वस्तुमान सूर्याच्या १.२१ पट. संतमसचे ‘वर्ष’ २.१४ दिवसांचे, म्हणजे आपल्या वर्षाचा ०.००५८६ भाग. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार

(अंतर)³ = १.२१ × (०.००५८६)²

घनमूळ काढा. पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.०३५ पट, म्हणजे सुमारे ५२ लाख किलोमीटर! आपला बुधदेखील सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटर दूर आहे.

इतक्या जवळ असलेला ग्रह हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापणार, हा तर्क. चंद्राप्रमाणे त्याचीही एकच बाजू ताऱ्याकडे राहत असावी, हाही तर्क. वस्तुमान गुरूच्या दीडपट सांगतात, ते ‘किमान’. कारण कक्षेचा कल आपल्याला ठाऊक नाही. आणि ढगांचा झाकोळ? ती नावातली कल्पना; ढग कोणी पाहिलेले नाहीत.

मोजलेले, तर्काने काढलेले आणि कल्पिलेले यांचे तीन रकाने वेगळे ठेवा. कल्पना करायला हरकत नाही. तिला मोजमापाच्या रकान्यात बसवू नका, इतकेच.

स्वाध्याय : बिभाभोवतीच्या ग्रहाचे वर्ष १० दिवसांचे असते, तर तो किती दूर असता? (उत्तर : सुमारे १ कोटी ४५ लाख किलोमीटर.)