गंजक्या कुऱ्हाडीला भाव कशाचा?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. इंग्लिशटाउनच्या जुन्या बाजारात एका टेबलावर दांडे नसलेल्या, गंजून तांबड्या झालेल्या कुऱ्हाडी मांडून ठेवल्या होत्या. एक वयस्कर गृहस्थ खिशातली छोटी कानस काढून प्रत्येकीवर हलकेच ओढून बघत होते. लाल रंग दिलेली, चकचकीत कुऱ्हाड त्यांनी बाजूला सारली आणि सगळ्यांत कळकट होती ती घेतली. त्यांच्या मागोमाग मीही एक उचलली. त्यांनी नेमकं काय पाहिलं असेल? माझी कुऱ्हाड आता ग्राइंडरवर घासून लख्ख करायचा विचार आहे. यजमान मात्र विचारतात, घरात लाकूड फोडायचं नाही तर कुऱ्हाड हवी कशाला?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : यजमानांचा प्रश्न तुमचा तुम्ही घरात सोडवा. ग्राइंडर मात्र आज तरी कपाटातच राहू द्या. गंजाने कुऱ्हाडीचं जेवढं नुकसान साठ वर्षांत होत नाही, तेवढं ग्राइंडर दहा मिनिटांत करून ठेवतो.

आधी कानशीचं सांगतो. एकोणिसाव्या शतकात लोखंड स्वस्त होतं आणि पोलाद महाग. त्यामुळे लोहार कुऱ्हाडीचं अंग मऊ लोखंडाचं घडवायचा आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी तापवून, ठोकून एकजीव करायचा. आपल्या गावाकडचा लोहार कुऱ्हाडीच्या तोंडाला पोलाद भरून द्यायचा, तीच ही रीत. पुढे पोलाद स्वस्त झालं, अख्खी कुऱ्हाड पोलादाची होऊ लागली, तरी पाणी द्यायचं ते फक्त धारेलाच. धार लाल तापवून विझवायची, मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवायची. माथा आणि दांडा बसतो ते नेढं मुद्दाम मऊ ठेवायचं, नाहीतर घावाच्या हादऱ्याने ते तडकेल.

म्हणजे दीड-दोन किलोच्या त्या धुडात कामाचा भाग धारेमागचा जेमतेम इंचभर. प्रत्येक वेळी धार लावताना त्यातलाच थोडा झिजतो. चांगल्या धारेवरून हलकेच ओढलेली कानस बहुतेक घसरते, जोर दिला तरच थोडी कापते. मागे मऊ भागावर ती लगेच चावा घेते. तुमच्या त्या गृहस्थांना एवढंच पाहायचं होतं की चांगलं पोलाद अजून शिल्लक आहे की मागच्या मालकांनी घासून संपवलं. कानस थेट धारेवरच रुतली तर समजावं की पोलाद झिजून गेलंय, किंवा कुऱ्हाड कधीतरी आगीत सापडून तिचं पाणी उतरलंय. गोठा जळाला, कुणी तुटका दांडा काढायला कुऱ्हाड शेकोटीत टाकली, असं होतं. अशी कुऱ्हाड रंगवून भिंतीवर टांगता येते, पण लाकडावर चालवली की तिची धार मुडपते. लाल रंगाखाली असं काहीही लपलेलं असू शकतं, म्हणून जाणकार रंगाला बिचकतो. त्यापेक्षा गंज बरा, तो निदान काही लपवत नाही.

ग्राइंडरबद्दलचा माझा हट्टही इथूनच आलाय. कोरडं चाक पातळ धारेला क्षणात तापवतं. पोलाद पिवळसर दिसू लागलं की सावध व्हायचं. निळं पडलं म्हणजे ते तीनशे अंशांच्या आसपास पोचलं आणि त्या जागी मऊ झालं. निळा डाग नंतर पुसता येतो, गेलेला कठीणपणा घरी परत आणता येत नाही.

अमेरिकेत या कुऱ्हाडी एवढ्या आल्या कुठून, हेही मनात आलं असेल. जंगल तोडून शेत काढणाऱ्या त्या देशात कुऱ्हाड घरोघर होती. युरोपातून आलेल्या कुऱ्हाडीला मागे माथा असा जवळजवळ नसायचाच. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या लोहारांनी नेढ्याच्या मागे वजन वाढवलं, त्यामुळे कुऱ्हाड तोलात आली आणि घाव सरळ बसू लागला. मग 1826 मध्ये सॅम्युएल आणि डेव्हिड हे कॉलिन्स बंधू आणि त्यांचा एक नातलग यांनी कनेटिकटमध्ये फार्मिंग्टन नदीकाठी कारखाना काढला. तोवर कुऱ्हाड विकत घेतली तरी धार काढण्याचं काम गिऱ्हाइकाचंच असे. कॉलिन्सची कुऱ्हाड मात्र धार लावून, पॉलिश करूनच दुकानात यायची आणि तिने बाजार काबीज केला. गावाचं नावच कॉलिन्सव्हिल पडलं. कंपनीचे कोयते पुढे लॅटिन अमेरिकेच्या उसाच्या फडांत पोचले. त्याच गावच्या एका कारागिराकडे 1857 मध्ये गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनने एक डॉलरला एक या दराने हजार भाल्यांची मागणी नोंदवली होती. दोन वर्षांनी हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर घातलेल्या छाप्यात गुलामांच्या हाती द्यायला त्याने आणले ते हेच भाले.

त्या तयार धारेची किंमत कारागिरांनी मोजली, हेही सांगायला हवं. वालुकाश्माच्या प्रचंड चाकांसमोर बसून धार काढणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ जाई आणि त्यातले कितीतरी जण खोकत खोकत अकाली गेले. एलिशा रूट नावाच्या तिथल्या कल्पक यंत्रज्ञाने पातं तासून काढणारं यंत्र बनवलं, तेव्हा दगडावरचं काम कमी झालं. हाच रूट 1849 मध्ये सॅम्युएल कोल्टकडे गेला आणि त्याचा पिस्तुलांचा कारखाना त्याने उभा केला. दुसऱ्या महायुद्धानंतर एका माणसाला उचलता येईल अशी यांत्रिक करवत आली, कुऱ्हाडी गोठ्यांच्या कोपऱ्यात गेल्या आणि कॉलिन्सचा कारखाना 1966 मध्ये बंद झाला. कॉलिन्सव्हिलमधलं कॅंटन संग्रहालय त्यांच्याच एका जुन्या इमारतीत आहे. एडिसनहून सहज जाऊन येण्यासारखं आहे.

कुऱ्हाड कोणत्या कारखान्याची ते सांगणारा गालावरचा, म्हणजे पात्याच्या सपाट बाजूवरचा, ठसा म्हणूनच महत्त्वाचा. कॉलिन्सच्या बऱ्याच कुऱ्हाडींवर मुकुट आणि त्यातून वर आलेला हातोडीधारी हात असतो. वेस्ट व्हर्जिनियातल्या केली कंपनीने ‘ब्लॅक रेव्हन’ नावाची कुऱ्हाड काढली होती. गालावर काळ्या कावळ्याचं चित्र असलेली ही कुऱ्हाड धड अवस्थेत मिळाली तर शौकीन काही शे डॉलर मोजतात. फिलाडेल्फियाची प्लंब ही आणखी एक नामांकित कंपनी. तुमच्या कुऱ्हाडीच्या नेढ्याखाली दोन्ही बाजूंना टोकदार कान खाली आलेले असतील तर ती चक्क ‘जर्सी’ घाटाची आहे, तुमच्याच राज्याचं नाव मिरवणारी. दांड्याला जास्त पकड मिळावी म्हणून ते कान असतात. नॉर्थ कॅरोलायनातली काउन्सिल टूल ही 1886 ची कंपनी हा घाट आजही बनवते.

नावाआधी दुखणी मात्र तपासा. मऊ माथ्याने कुणी वर्षानुवर्षं पहारी नाहीतर लोखंडी पाचरी ठोकल्या असतील तर त्याच्या कडा फाकून बाहेर लोंबतात आणि नेढ्याच्या भिंती फुगतात. नेढ्यात केसाएवढा तडा दिसला तर कुऱ्हाड खाली ठेवून पुढच्या टेबलाकडे चला, ठसा कुणाचाही असो.

आता साफसफाई. दांड्याचा तुटका तुकडा आत असेल तर ड्रिलने पोखरून ठोकून काढा, जाळू नका. जुने अमेरिकन लाकूडतोडे जाळायचे, पण तेव्हा धार ओल्या मातीत पुरून ठेवायचे. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नका. मग स्वयंपाकघरातल्या साध्या व्हिनेगरमध्ये कुऱ्हाड एक दिवस बुडवून ठेवा. गंज सैल होतो, तारेच्या ब्रशने निघतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, लगेच कोरडी करायची आणि तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर डोळ्यांदेखत पुन्हा तांबडी होते. या आंघोळीत एक गंमत दिसते. कठीण धार आणि मऊ अंग यांच्यावर आम्लाचा परिणाम सारखा होत नाही, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये छटेची एक रेघ उमटते. कठीण भाग किती उरलाय ते कानशीशिवायही वाचता येतं.

इथे थांबा. गंज गेल्यावर राहणारा काळपट मुलामा हा मळ नव्हे. तो काढण्याच्या नादात ठसे पुसट होतात, आणि ठसा पुसला की भाव उतरतो. मला तर आरशासारखी घासलेली कुऱ्हाड बघवतच नाही. धार मात्र कानशीने लावा. कुऱ्हाड शिकंज्यात पक्की धरा, जाड हातमोजे घाला आणि कानशीच्या मुठीजवळ चामड्याची चकती अडकवा, कारण कानस धारेच्या दिशेने ढकलायची असते. कोन साधारण वीस-पंचवीस अंश, आणि गाल जरा फुगीर राहू द्यायचे म्हणजे लाकडात पातं अडकत नाही. अमेरिकन वनखात्याने 1999 मध्ये बर्नी वाइसगर्बर यांची ‘ॲन ॲक्स टू ग्राइंड’ ही पुस्तिका काढली. ती सगळं चित्रांसह दाखवते, माझ्या चार ओळींपेक्षा तिच्यावर भिस्त ठेवा.

आपल्या म्हणीतला गोताला काळ ठरलेला दांडा तिकडे बहुतेक हिकरीच्या लाकडाचा असतो. दुकानात दांडा निवडताना त्याच्या टोकाकडे पाहा. वाढीच्या रेषा पात्याच्या दिशेने धावायला हव्यात, आडव्या असतील तर तो दांडा घेऊ नका. आपल्या कुदळीत दांडा वरून खाली घालतात आणि मारताना ती आपोआप घट्ट होत जाते. ही कुऱ्हाड उलट आहे. दांडा खालून नेढ्यात चढवायचा आणि वरच्या चिरेत लाकडी पाचर ठोकून फुलवायचा. ढिला झाला की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवायची, हा आपल्या घरोघरचा उपाय तेवढा इथे करू नका. लाकूड फुगून लोखंडाच्या भिंतींवर दबतं, त्याचे तंतू चेपतात आणि वाळल्यावर ते आधीपेक्षाही ढिलं होतं. पाचर बदला.

दांड्यावरचं वॉर्निश खरवडून जवसाचं तेल लावा. तिथे ते ‘बॉइल्ड लिनसीड’ नावाने मिळतं. पातळ थर लावा, जास्तीचं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. पुसलेल्या फडक्याचा बोळा करून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकाल तर घात होईल. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, त्यात उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती कोंडून काडी न लावताही फडकं पेटतं. फडकी पाण्यात भिजवून बाहेर एकेक पसरून ठेवा आणि पार कडक वाळल्यावरच कचऱ्यात टाका.