वेबपाने रचण्याची साधने व त्यांची निवड

ज्या कोणास वेबपाने रचण्याची विद्या शिकावयाची असते, त्याच्यापुढे आज पहिल्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो. रिॲक्ट शिकावे, की व्ह्यू, की अँग्युलर? पानास रूप देण्यासाठी बूटस्ट्रॅप घ्यावे, की टेलविंड? पालकही हाच प्रश्न आम्हांस विचारतात. कारण शिकवणीची फी त्यांस भरावयाची असते, आणि कोणते नाव शिकल्याने मुलाच्या हातास काम मिळेल हे जाणण्याची उत्कंठा त्यांस असणे स्वाभाविक आहे. आमचे सांगणे आम्ही प्रारंभीच सांगून टाकतो. कामावरून साधन निवडावे, साधनावरून काम निवडू नये. आणि कोणतेही साधन हाती घेण्यापूर्वी ते ज्या पायावर उभे आहे तो पाया आपलासा करावा.

हा पाया तीन भाषांचा आहे. जिनीव्हानजीकच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९८९ साली वेबची योजना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांस विनामूल्य मोकळे केले. पानावर काय आहे, म्हणजे हा मथळा, हा परिच्छेद, हे बटण, हे एचटीएमएल सांगते. ते कसे दिसावे हे सीएसएस सांगते. तिची कल्पना होकन व्युम ली ह्यांनी १९९४ साली मांडली, व १९९६ च्या डिसेंबरात तिचे पहिले प्रमाणरूप ठरले. वाचणाऱ्याने बोट लावताच काय घडावे हे जावास्क्रिप्ट सांगते. ती ब्रेंडन आइक ह्यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत असताना रचली. ब्राउझरला मुख्यत्वे ह्याच तीन भाषा कळतात. साधन कोणतेही घ्या, त्याचे काम अखेरीस ह्यांतच उतरते.

मग फ्रेमवर्क हवे कशाला? अशी कल्पना करा की, शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही वेबपानावर आणावयाची आहे. एका विद्यार्थ्याने पुस्तक नेले की शिल्लक प्रतींचा आकडा बदलला पाहिजे, त्याच्या नावापुढे नोंद झाली पाहिजे, आणि परतीची तारीखही दिसली पाहिजे. नुसत्या जावास्क्रिप्टने हे प्रत्येक स्थळ एकेक करून बदलावे लागते. एखादे विसरले की पान खोटे बोलू लागते. फ्रेमवर्कमध्ये मूळ माहिती एके ठिकाणी ठेवावयाची, आणि तिच्यावरून पान कसे दिसावे एवढे लिहावयाचे. माहिती बदलली की पान बदलण्याचे काम फ्रेमवर्क करते. जेथे बदल पुष्कळ व परस्परांत गुंतलेले, तेथे ही सोय अमोल होय.

आता ह्यांतील प्रमुख साधने पाहू. रिॲक्ट फेसबुकने २०१३ साली सर्वांस खुले केले. ते पान रचण्यापुरतेच साहाय्य करते. एका पानावरून दुसऱ्यावर जाणे, सर्व्हरवरून माहिती आणणे इत्यादींसाठी अन्य साधने निवडावी लागतात. त्याचा प्रसार फार असल्यामुळे साहाय्य करणारेही पुष्कळ भेटतात. व्ह्यू हे इव्हान यू ह्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. त्याची मांडणी एचटीएमएलच्या जवळची असल्याने नवशिक्यास ते लवकर समजते. अँग्युलर हे गूगलचे. मार्ग, फॉर्म व चाचण्या ह्यांच्या सोयी त्यातच असतात, आणि ते टाइपस्क्रिप्टमध्ये लिहावयाचे असते. मोठ्या संस्थेत अनेकांनी एकाच शिस्तीने काम करावयाचे असेल तर ते उपयोगी पडते, परंतु एकट्यास त्याचा भार वाटतो. स्वेल्ट हे रिच हॅरिस ह्यांनी २०१६ साली आणले. ते आपले बरेचसे काम आधीच उरकून लहान जावास्क्रिप्ट तयार करते, म्हणून ब्राउझरवर ओझे कमी पडते.

रूप देण्याच्या साधनांत दोन मार्ग आहेत. बूटस्ट्रॅप हे ट्विटर कंपनीतील मार्क ऑटो व जेकब थॉर्नटन ह्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले. त्यात बटणे, तक्ते, याद्या व बारा स्तंभांची जाळी तयार मिळते. तयार कपड्यांच्या दुकानात जाऊन अंगास येईल तो सदरा घेण्यासारखे हे आहे. काम त्वरित होते, पण एकाची पाने दुसऱ्याच्या पानांसारखी दिसू लागतात. टेलविंड २०१७ साली आले. ते तयार बटण देत नाही. रंग, अंतर, आकार ह्यांचे लहान लहान वर्ग देते, आणि ते एचटीएमएलमध्ये जोडून रूप आपणच घडवावयाचे. ह्यात स्वातंत्र्य अधिक. मात्र सीएसएस न जाणणाऱ्यास त्या वर्गांच्या रांगा केवळ मंत्रासारख्या पाठ कराव्या लागतात. तिसरा मार्ग साध्या सीएसएसचा. पूर्वी स्तंभ मांडणे त्यात अवघड होते. परंतु २०१७ साली प्रमुख ब्राउझरांत ग्रिडची सोय आल्यापासून ती अडचण राहिली नाही.

निवड करताना आम्ही चार प्रश्न विचारावयास सांगतो. पहिला, पान वाचावयाचे आहे की त्यावर काम करावयाचे आहे? वेळापत्रक, सूचना, स्नेहसंमेलनाचा वृत्तांत ह्यांस एचटीएमएल व सीएसएस पुरेसे आहे. तेथे फ्रेमवर्क आणणे म्हणजे शेजारच्या घरी जाण्यासाठी आगगाडीचे तिकीट काढणे. दुसरा, वाचणारा कोण? ज्याच्या हाती स्वस्तातला जुना फोन आहे, त्यास जावास्क्रिप्टचा मोठा भारा उतरवून घेण्यात वेळ व पैसा दोन्ही खर्च करावे लागतात. अंध वाचकाचे वाचनयंत्र खरे बटण ओळखते. बटणासारख्या रंगविलेल्या चौकोनास ते बटण म्हणत नाही. तिसरा, पुढे हे काम सांभाळणार कोण, व त्यास काय येते? चौथा, हे साधन मागे पडले तर आपणांस ते सोडून देता येईल काय?

आपल्या मराठी वाचकांपुरती एक गोष्ट येथे विशेष सांगितली पाहिजे. ही साधने बहुतांशी रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून रचलेली आहेत. टेलविंडमधील फार मोठ्या अक्षरांच्या वर्गांत ओळीची उंची अक्षराच्या आकाराएवढीच असते. अशा दोन ओळींच्या मराठी मथळ्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांस व मात्रांस भिडतात. अक्षरांत अंतर वाढविण्याची सोय रोमन मथळ्यास शोभा देते, पण देवनागरीची शिरोरेषा तोडून टाकते. तसेच पानाची भाषा मराठी आहे असे एचटीएमएलमध्ये नोंदविले, तर ज्या टंकांत तशी सोय आहे त्यांत ‘ल’ व ‘श’ आपल्या मराठी वळणाचे दिसतात. हे दोष ओळखण्याचा डोळा फ्रेमवर्क देत नाही. तो पाया जाणणाऱ्यासच येतो.

साधनांचे आयुष्य किती असते, हेही पाहण्याजोगे आहे. गूगलचे पहिले साधन अँग्युलरजेएस २०१० साली आले, आणि त्यावर असंख्य लोकांनी आपली कामे उभारली. २०१६ साली गूगलने अँग्युलर नव्याने रचून आणले; ते जुन्याशी जुळणारे नव्हते, आणि २०२१ च्या अखेरीस जुन्याचा सांभाळ बंद झाला. ज्यांस केवळ त्या साधनाच्या खुणा ठाऊक होत्या, त्यांस पहिल्यापासून आरंभ करावा लागला; ज्यांस जावास्क्रिप्ट येत होती, त्यांस नव्याची ओळख करून घेणे तेवढे उरले. २०१६ च्याच मार्चमध्ये एकाने आपला ११ ओळींचा लहानसा कार्यक्रम एनपीएम ह्या सामायिक भांडारातून काढून घेतला, आणि त्यावर नकळत विसंबलेली हजारो कामे अडून बसली. काही तासांत तो परत ठेवण्यात आला. परंतु दुसऱ्याच्या भिंतीस टेकून बसणाराने ती भिंत कोणाची आहे हे विचारून ठेवावे, एवढा धडा त्यातून मिळाला. ह्याच्या उलट, १९९१ सालचे सर्नचे पहिले संस्थळ, ज्याची प्रत सर्नने जपून ठेविली आहे, आजच्या ब्राउझरात सहज वाचता येते. त्यात फ्रेमवर्क नव्हते; साधे एचटीएमएल होते.

पालकांस आमची विनंती अशी आहे की, फी भरण्यापूर्वी त्यांनी शिकवणीवाल्यांस विचारावे: पहिले काही आठवडे मुलास साध्या तीन भाषा शिकविणार काय, व तो स्वतःच्या हाताने एक संपूर्ण पान रचील काय? उत्तर नकारार्थी असेल तर नावाच्या चकाकीस भुलू नये. वर सांगितलेली सर्व साधने विनामूल्य मिळतात, आणि मोझिलाच्या एमडीएन ह्या ठिकाणी ह्या भाषांची उत्तम माहितीही मोफत वाचावयास मिळते. पैसा लागतो तो शिकविणाराच्या वेळेचा. तो वेळ कशात जातो ते पाहणे आपले कर्तव्य आहे.

विद्यार्थ्यांनो, येत्या सुट्टीत एक प्रयोग करून पाहा. आपल्या वर्गाचे वेळापत्रक तीन प्रकारे रचा: एकदा साध्या सीएसएसने, एकदा बूटस्ट्रॅपने, एकदा टेलविंडने. प्रत्येकास किती वेळ लागला, पान किती जड झाले, आणि घरातील सर्वांत जुन्या फोनवर ते किती वेळात उघडले, हे वहीत टिपून ठेवा. मग कोणी विचारले की, ‘तुम्ही हेच साधन का घेतले?’ तर तुमच्यापाशी सांगण्यासारखे कारण असेल. ‘सगळे तेच घेतात’ हे कारण नव्हे. साधने येतील आणि जातील. ती पारखण्याची बुद्धी ज्याने कमावली, त्यास नव्याचे भय नाही व जुन्याचे ओझे नाही.