प्रादेशिक सेना : आपला उद्योग संभाळून देशरक्षण

विद्यार्थिमित्रहो, आपल्या बीड जिल्ह्यांतील गांवाबाहेरच्या सडकेवर पहाटे पाहावें, तों तरुण मुलें धांवत असलेलीं दिसतात. कोणी पोलीसभरतीसाठीं, कोणी सैन्यभरतीसाठीं शरीर कमावीत असतो. कोरडवाहू जमीन, बेभरंवशाचा पाऊस आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं परमुलखाची वाट धरणारीं कुटुंबें ज्या जिल्ह्यांत आहेत, तेथें गणवेषाचें आकर्षण वाटावें ह्यांत नवल नाहीं. परंतु धांवणारे फार आणि निवडले जाणारे थोडे, हेंही तितकेंच खरें आहे. ज्याची निवड होत नाहीं तो तरुण ऐन पंचविशींत "आतां देशसेवेचा मार्ग खुंटला" असें समजून खिन्न होतो. आणि ज्याच्या घरीं म्हातारे आईबाप, चार एकर शेत किंवा चालतें दुकान आहे, तो "घर सोडूं कीं इच्छा सोडूं" ह्या पेंचांत पडतो. ह्या दोघांनाही ठाऊक असावी अशी एक संस्था आपल्या देशांत पाऊणशें वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तिचें नांव प्रादेशिक सेना. इंग्रजींत तिला टेरिटोरियल आर्मी म्हणतात. तिची ओळख करून देणें, आणि तिच्याविषयींच्या चुकीच्या समजुती दूर करणें, हा ह्या पाठाचा हेतु आहे.

प्रादेशिक सेना म्हणजे काय?

प्रादेशिक सेना ही नियमित सैन्याच्या मागची देशरक्षणाची दुसरी फळी होय. तिच्यांतील मनुष्य एरव्हीं शिक्षक, वकील, शेतकरी, व्यापारी, कारकून किंवा कारागीर असतो. वर्षांतील ठरावीक दिवस तो लष्करी शिक्षण घेतो, आणि उरलेल्या दिवसांत आपला नेहमींचा उद्योग करितो. देशावर प्रसंग आला म्हणजे सरकार त्याला पाचारण करितें. प्रसंग टळला म्हणजे तो पुनः आपल्या कामावर येतो. नियमित सैन्याला पहाऱ्यासारख्या एका जागीं खिळवून ठेवणाऱ्या कामांतून मोकळें करणें, महापूर व भूकंप अशा आपत्तींत मुलकी अधिकाऱ्यांना साहाय्य करणें, लोकांच्या जीवनास आवश्यक असलेलीं कामें बंद पडूं न देणें, आणि गरज पडल्यास सैन्याला तयार पलटणी पुरविणें, हीं तिचीं मुख्य कामें आहेत. "सावधानी व शूरता" हें तिचें ब्रीद आहे. ह्या दोन शब्दांचा क्रम विद्यार्थ्यांनीं नीट पाहावा. सावधानी आधीं आहे; शूरता मागून येते.

ही कल्पना आपल्याला परकी नाहीं

शेत आणि शस्त्र ह्यांची सांगड आपल्या मुलखानें फार पूर्वींच घातली होती. शिवकालांत फौज पावसाळ्यांत स्वदेशीं छावणीस येत असे आणि दसऱ्यास मोहिमेवर निघत असे, असें सभासदाच्या बखरीवरून दिसतें. सीमोल्लंघनाचा जो सोहळा आपण आजही पाळतों, त्याच्या मुळाशीं ऋतुचक्राचा हाच हिशेब आहे. आपल्याच जिल्ह्यांतील अंबाजोगाई हें गांव निजामी अमदानींत मोमिनाबाद ह्या नांवानें ओळखलें जाई, आणि तेथें हैदराबाद कंटिन्जंट नांवाच्या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. तेव्हां लष्कर ही गोष्ट बालाघाटच्या डोंगरास नवी नव्हे.

आजच्या स्वरूपाची नागरिकांची सेना मात्र अलीकडची आहे. इंग्लंडांत युद्धमंत्री हॉल्डेन ह्यांच्या योजनेनें १९०८ सालीं अशी सेना उभी राहिली. हिंदुस्थानांत पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९१७ सालीं, इंडियन डिफेन्स फोर्स निघाली, आणि १९२० सालच्या कायद्यानें इंडियन टेरिटोरियल फोर्स स्थापन झाली. पण त्या काळीं गोऱ्यांसाठीं ऑक्झिलिअरी फोर्स नांवाची निराळी संघटना होती. म्हणजे देशरक्षणाच्या कामींसुद्धां वर्णाची भिंत उभी होती. ती भिंत स्वातंत्र्यानंतर पडली. १९४८ सालीं प्रादेशिक सेनेचा कायदा झाला, आणि ता. ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. म्हणून ९ ऑक्टोबर हा दिवस प्रादेशिक सेनेचा दिन म्हणून पाळला जातो. ज्या १९४८ सालीं हा कायदा झाला, त्याच सालच्या १७ सप्टेंबरास मराठवाडा निजामी राज्यांतून मुक्त झाला. आपल्या आजे-पणज्यांना नागरिकत्व आणि नागरिकांची सेना ह्या दोन्ही गोष्टी अशा जवळजवळ एकदमच लाभल्या.

प्रवेश आणि शिक्षण

अधिकारी होऊं इच्छिणारा उमेदवार भारताचा नागरिक, १८ ते ४२ वर्षें वयाचा, पदवीधर व शरीरानें सुदृढ असला पाहिजे. ह्याखेरीज एक अट अशी आहे कीं, ती वाचून पुष्कळजण चकित होतात. त्याला स्वतःचा कांहीं तरी उपजीविकेचा उद्योग असलाच पाहिजे. नियमित सैन्य, पोलीस किंवा निमलष्करी दल ह्यांत नोकरी करणाऱ्यास येथें प्रवेश नाहीं. लेखी परीक्षा, मुलाखत, सैन्याच्या निवड मंडळाची कसोटी आणि वैद्यकीय तपासणी ह्या पायऱ्या चढल्यावर त्याला लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळतें. पुढें पहिल्या वर्षीं एक महिन्याचें प्राथमिक शिक्षण, दरवर्षीं दोन महिन्यांचें वार्षिक शिक्षण, आणि पहिल्या दोन वर्षांच्या आंत तीन महिन्यांचा आणखी एक अभ्यासक्रम त्याला पुरा करावा लागतो. शिक्षणाच्या आणि प्रत्यक्ष सेवेच्या काळांत वेतन व भत्ते नियमित सैन्यांतील अधिकाऱ्याप्रमाणेंच मिळतात. जवानांच्या भरतीसाठीं वेळोवेळीं मेळावे भरतात. त्यांच्या शिक्षणाची व नेमणुकीची व्यवस्था ज्या त्या पलटणीप्रमाणें असते.

मुलींनीं ही माहिती आपल्यासाठीं नव्हे असें समजूं नये. दिल्ली उच्च न्यायालयानें जानेवारी २०१८ मध्यें असा निर्णय दिला कीं, स्त्रियाही प्रादेशिक सेनेंत प्रवेश मिळण्यास पात्र आहेत.

आतां पालकांच्या मनांत सहज येणारा प्रश्न असा कीं, मुलगा पलटणींत गेला असतां त्याच्या नोकरीचें काय होणार? कायदा करणाऱ्यांनीं ह्याचा विचार केलेला आहे. सेवेसाठीं बोलावणें आलें असतां त्या मनुष्यास आवश्यक ती रजा देणें, आणि सेवा संपल्यावर त्याला पूर्वींपेक्षां कमी नव्हे अशा अटींवर पुनः कामावर घेणें, हें मालकाचें कर्तव्य आहे असें कायद्यांत सांगितलेलें आहे. ज्याचें स्वतःचेंच शेत किंवा दुकान आहे, त्याच्या पाठीशीं मात्र असा मालक नाहीं. त्यानें घरांतील माणसांशीं आधीं बोलून कामाची वाटणी करून ठेविली पाहिजे.

महाराष्ट्रांतील पलटणी

आपल्या राज्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीशीं संलग्न अशी १०१ वी पलटण पुण्यास आणि १०९ वी कोल्हापुरास आहे. परंतु मराठवाड्याच्या दृष्टीनें सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे छत्रपति संभाजीनगर येथील १३६ वी पलटण होय. ती महार रेजिमेंटशीं संलग्न असून २०१७ सालीं उभारली गेली. तिचें काम झाडें लावणें आणि जगविणें हें आहे. अशा पर्यावरण-पलटणींची सुरुवात १९८२ सालीं झाली. मसुरीच्या डोंगरांवर चुनखडीच्या खाणींनीं वनश्री ओरबाडली गेली होती, ती पुनः वाढविण्यासाठीं गढवाल रायफल्सशीं संलग्न अशी १२७ वी पलटण उभारण्यांत आली. अशा पलटणींत मुख्यत्वें निवृत्त सैनिक काम करितात. ज्या हातांनीं सीमेवर बंदूक धरली, तेच हात खड्डे खणून रोपांना पाणी घालतात. आपला जिल्हा राज्यांतील अवर्षणग्रस्त जिल्ह्यांपैकीं एक आहे. उघडा डोंगर हा देखील शत्रूचाच शिरकाव होय, हें बीडच्या मुलांस फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

ही शोभेची सेना नव्हे

कांहीं प्रसिद्ध खेळाडूंना प्रादेशिक सेनेंत मानद पदें दिलेलीं आहेत, आणि त्यांचीं चित्रें पाहून कित्येकांचा असा समज होतो कीं, ही केवळ मिरवण्याची सेना आहे. कपिल देव ह्यांना २००८ सालीं आणि महेंद्रसिंग धोनी ह्यांना २०११ सालीं मानद लेफ्टनंट कर्नल केलें गेलें. मानद पद हा गौरव आहे. कमिशन ही कसोटीला उतरून मिळविलेली जबाबदारी आहे. श्री. सचिन पायलट हे केंद्रांत मंत्री असतां २०१२ सालीं रीतसर निवड होऊन लेफ्टनंट झाले. ह्या दोन गोष्टींतील भेद विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. १९६२, १९६५ आणि १९७१ ह्या तीनही युद्धांत प्रादेशिक सेनेच्या पलटणींनीं कामगिरी बजाविली आहे. अगदीं अलीकडे, मे २०२५ मध्यें, पाकिस्तानाशीं संघर्ष पेटला असतां, केंद्र सरकारनें ह्या सेनेंतील अधिकाऱ्यांना व जवानांना सेवेस बोलाविण्याचा अधिकार सेनाप्रमुखांना दिला, आणि ३२ पायदळ पलटणींपैकीं १४ पलटणी सेवेंत घेण्याची तरतूद केली. तेव्हां जो ह्या सेनेंत नांव घालितो, त्यानें बोलावणें कधीं तरी येणारच असें धरून चालावें. "वर्षांतून दोन महिने कवायत" एवढ्यावरच ज्याची दृष्टि आहे, त्यानें ह्या वाटेस जाऊं नये.

तीन गोष्टींची सावधगिरी

ब्रीदांत सावधानी आधीं आहे, म्हणून आम्हीही पालकांना व मुलांना तीन गोष्टी स्पष्ट सांगतों.

पहिली गोष्ट ही कीं, प्रादेशिक सेना ही बेकारीवरील उपाय नव्हे. ती कायमच्या नोकरीची हमी देत नाहीं. ज्याच्या पोटाला दुसरा आधार आहे, त्यानें देशासाठीं आपल्या वेळेचा वांटा देणें, हाच तिचा पाया आहे. आधीं विद्या, मग उद्योग, आणि त्यानंतर ही सेवा, असा क्रम आहे. जो शाळा अर्धवट सोडून केवळ धांवण्याच्या मागें लागतो, तो दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहावा तसा राहतो.

दुसरी गोष्ट, निवृत्तिवेतनाची. तें सर्वांस आपोआप मिळत नाहीं. प्रत्यक्ष सेवेंत काढलेलीं वर्षें मोजलीं जातात, आणि ठरलेली मर्यादा पुरी झाली तरच त्याचा हक्क उत्पन्न होतो. घरांत ह्याचा हिशेब आधींच व्हावा.

तिसरी गोष्ट सर्वांत निकडीची आहे. भरतीचा मोसम आला म्हणजे "साहेब आपल्या ओळखीचे आहेत" असें सांगत फिरणारी माणसें गांवोगांव दिसूं लागतात. बैल विकून, शेत गहाण टाकून, उचल घेऊन अशा माणसांच्या हातीं पैसा देणारे बाप आमच्या जिल्ह्यांत विरळा नाहींत. बाबांनो, सैन्याची भरती गुणांवर होते. मध्यस्थास दिलेला पैसा बुडाला असेंच समजा. जो मुलगा पैसे देऊन गणवेष घेऊं पाहतो, त्यानें तो अंगावर चढण्यापूर्वींच डागाळला. जाहिरात सरकारी आहे कीं नाहीं हें पाहावें, न समजल्यास शाळेंत येऊन शिक्षकांस विचारावें. त्यांत कमीपणा कसला?

एक प्राचीन उदाहरण

पवित्र शास्त्रांत नहेम्याची कथा आहे. यरुशलेमेचा तट पडला होता आणि वेशी जळाल्या होत्या. नहेम्यानें लोकांना बांधकामास लाविलें. शत्रु चाल करून येण्याच्या बेतांत आहेत असें कळल्यावर त्यानें काम थांबविलें नाहीं, आणि लोकांना कामावरून काढून नुसते पहारेकरीही केलें नाहीं. अर्धी माणसें बांधीत, अर्धी भाले घेऊन उभीं राहत. ओझें वाहणारे एका हातानें काम करीत आणि दुसऱ्या हातांत शस्त्र धरीत. आणि संकटाची सूचना देणारा रणशिंगवाला नहेम्याच्या जवळ असे. कित्येकजण तटाचा जो भाग आपल्या घरासमोर होता, तो बांधीत होते. नागरिकांची सेना कशी असावी हें ह्याहून स्पष्ट कोण सांगेल? तींत तट बांधणें हें मुख्य काम आहे, शस्त्र हें त्या कामाचें रक्षण आहे.

शांततेचा उपदेश करणाऱ्या शाळेनें सैन्याचा पाठ कां द्यावा, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, तरवारीचे फाळ व्हावेत ही आशा यशया संदेष्ट्यानें सांगितली, आणि ती आम्हांस प्रिय आहे. परंतु ज्याच्या घरीं फाळ आहे, जो पेरणी-कापणीचें मोल जाणतो, त्याच्याच हातीं शस्त्र असलेलें बरें. कारण तें केव्हां खालीं ठेवावें हें त्याला कळतें. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हां त्यानें त्यांना शिपाईगिरी सोडावयास सांगितली नाहीं. कोणावर जुलूम करूं नका व आपल्या वेतनांत संतुष्ट राहा, एवढेंच सांगितलें. हा उपदेश कोणत्याही धर्माच्या शिपायास लागू पडतो.

आज काय करावें?

शाळेंतील मुलांनीं आज प्रादेशिक सेनेचा ध्यास घेऊं नये. तिला योग्य असें अंगीं आणावें. राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे एन.सी.सी., हीही १९४८ सालच्याच कायद्यानें निघाली आहे. जेथें तिची तुकडी असेल तेथें तींत जावें. नियमित व्यायाम, वेळेवर येणें, हिशेब चोख ठेवणें, आज्ञा ऐकणें व योग्य वेळीं ती देणें, ह्या गोष्टी शिकाव्यात. चांगला शिपाई होण्यापूर्वीं चांगला सुतार, चांगला शेतकरी, चांगला शिक्षक व्हावें लागतें, हेंच ह्या सेनेचें वैशिष्ट्य आहे.

खालील प्रश्नांचा विचार मुलांनीं आपल्या आईवडिलांसह घरीं बसून करावा :

१. तूं कोणत्या उद्योगांत निपुण होऊं इच्छितोस, आणि त्यासाठीं अजून किती शिक्षण पाहिजे?

२. वर्षांतील दोन महिने तूं घरीं नसलास, तर तुझें काम घरांतील कोण पाहील? त्या माणसाला तूं विचारलें आहेस काय?

३. आपल्या घरासमोरचा तट कोणता? गांवांतील कोणती गोष्ट आज पडलेली आहे, कीं जी बांधण्यास तुला गणवेषाची वाट पाहावी लागत नाहीं?